अंधारातील हाक

१९८५ सालच्या वसंतातील ती एक रात्र होती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या सेंट क्रॉय नदीच्या काठी, एका उंच कड्यावर बिल इव्हान्स नावाचा तरुण मुक्कामास होता. आकाशात काहीच दिसत नव्हते. परंतु वरून आवाज येत होते. काळ्या चोचीचे कक्कू, म्हणजे आपल्या कोकिळेच्या कुळातील पक्षी, अंधारात उत्तरेकडे चालले होते आणि जाता जाता मधूनच आवाज देत होते. दिवसा झाडीत दडून राहणारा हा पक्षी पक्षिनिरीक्षकांना मोठ्या प्रयासाने एखाद-दुसरा दिसतो. त्या रात्री मात्र थोड्याच वेळात सुमारे शंभर पक्षी डोक्यावरून गेले असावेत, असा इव्हान्स यांचा अंदाज होता.

त्याच रात्री त्यांच्या मनात एक विचार आला. हे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर कोणते पक्षी किती संख्येने जात होते, याचा पुरावा पुढील पिढ्यांच्या हाती राहील. या विचाराने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे अनेक वर्षांच्या नोंदींतून पक्ष्यांची जी गोष्ट उलगडली, तिच्यात विस्मय आहे, तसेच माणसाला अंतर्मुख करणारे दुःखही आहे.

रात्रीचे प्रवासी

दिवसा बागेत दिसणारे बहुतेक छोटे पक्षी आपले लांबचे स्थलांतर रात्री करतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. थ्रश, वॉर्ब्लर, अमेरिकन स्पॅरो अशा पक्ष्यांचे वजन थोड्या ग्रॅमांत मोजावे लागते. हिवाळा दक्षिणेकडील उबदार प्रदेशांत काढून वसंतात ते घरटी बांधण्यासाठी उत्तरेकडे निघतात. त्यांच्यापैकी कित्येक तर मेक्सिकोचे आखात न थांबता ओलांडतात.

रात्र निवडण्यामागे निसर्गाचा हिशेब आहे. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, त्यामुळे सतत पंख मारूनही शरीर तापत नाही आणि अंगातील पाणी कमी खर्च होते. ससाण्यांसारखे शिकारी पक्षी तेव्हा विसावलेले असतात. शिवाय दिवस भक्ष्य मिळवण्यासाठी मोकळा राहतो. दिशा ओळखण्यासाठी त्यांना तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व साह्य करतात. १९६० च्या दशकात स्टीफन एम्लेन यांनी तारांगणातील कृत्रिम आकाशाखाली इंडिगो बंटिंग या पक्ष्यावर प्रयोग केले. हे पक्षी ताऱ्यांच्या मांडणीवरून दिशा ठरवतात, हे त्या प्रयोगांनी दाखवून दिले.

असा प्रवासी अंधारात एकटाच उडत असला, तरी तो अगदी एकाकी नसतो. तो मधूनमधून एक अत्यंत लहान आवाज काढतो. हे त्याचे गाणे नव्हे. गाणे जोडीदारासाठी आणि आपल्या हद्दीसाठी असते. ही उडतानाची हाक असते. बहुतेक जातींत ती सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते. आसपास उडणाऱ्यांशी संपर्क राहावा, दिशेची खात्री पटावी, वाट चुकू नये, यासाठी ती असावी असे शास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. यात्रेला निघालेली माणसे काळोखात एकमेकांना आवाज देत चालतात, तसाच हा प्रकार म्हणता येईल.

कानापासून यंत्रापर्यंत

हे आवाज मोजण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न फार जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात, पक्षी दक्षिणेकडे परतत असताना, ऑरिन लिबी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन गावाजवळच्या टेकडीवर बसून एका रात्रीत सुमारे ३८०० हाका मोजल्या. त्यांच्यापाशी कोणतेही ध्वनियंत्र नव्हते. दोन कान आणि धीर एवढेच त्यांचे साधन होते.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी इलिनॉय राज्यात रिचर्ड ग्रेबर आणि विल्यम कॉक्रन यांनी या कामी ध्वनिमुद्रणाची जोड दिली. आवाज एकवटणाऱ्या वाडग्यासारख्या परावर्तकात मायक्रोफोन बसवून तो आकाशाकडे वळवायचा आणि रात्रभर हाका टेपवर उतरवून घ्यायच्या, ही त्यांची पद्धत. १९५९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. कॉक्रन यांची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. १९७३ च्या वसंतात त्यांनी स्वेन्सन थ्रश या पक्ष्याच्या अंगावर अतिशय हलका रेडिओ प्रक्षेपक बसवला आणि छपरावर अँटेना लावलेल्या मोटारीतून अनेक रात्री त्याचा माग काढला. इलिनॉयपासून कॅनडातील मॅनिटोबापर्यंतचा तो प्रवास सुमारे १५०० किलोमीटरचा झाला. वर मूठभर देहाचा पक्षी आणि खाली रस्त्याने धावणारी मोटार, अशी ती सोबत होती.

बिल इव्हान्स यांनी हे काम सामान्य माणसाच्या अंगणात आणले. त्यांनी तयार केलेल्या मायक्रोफोनचे साहित्य कोणत्याही घरात सापडेल असे आहे: प्लॅस्टिकची फुलझाडाची कुंडी, जेवणाची प्लॅस्टिकची ताटली, श्रवणयंत्रात वापरतात तसा चिमुकला मायक्रोफोन आणि पावसापासून बचावासाठी कुंडीच्या तोंडावर ताणून बसवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. कुंडी जमिनीवरचे आवाज अडवते, ताटली वरचे आवाज मायक्रोफोनकडे परतवते. अशी कुंडी गच्चीवर ठेवली आणि तिची तार ध्वनिमुद्रकाला जोडली, की रात्रीची सिद्धता पूर्ण होते.

खरी अडचण पुढे होती. अंधारात आलेली हाक कोणत्या पक्ष्याची, हे सांगणार कोण? आवाज ऐकू येतो, पण पक्षी दिसत नाही. ही कोडी सोडवण्यासाठी दिवसा उडणाऱ्या पक्ष्यांच्या हाका टिपायच्या, रात्रीच्या हाकांशी त्या ताडून पाहायच्या, कोणत्या भागातून कोणता पक्षी केव्हा जातो याचा मेळ घालायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले. इव्हान्स आणि मायकेल ओब्रायन यांनी मिळून २००२ मध्ये पूर्व उत्तर अमेरिकेतील दोनशेहून अधिक जातींच्या उडतानाच्या हाकांचा संग्रह प्रसिद्ध केला. कड्यावरील त्या रात्रीनंतर तोवर सतरा वर्षे लोटली होती.

आवाज पाहण्याची विद्या

आज हे काम करणारा माणूस रात्रभर जागत नाही. संध्याकाळी तो यंत्र सुरू करतो, पहाटे बंद करतो आणि मग ती रात्र संगणकाच्या पडद्यावर वाचतो. पडद्यावर आवाजाचे चित्र उमटते. आडव्या दिशेने काळ सरकतो आणि उभ्या दिशेने स्वराची उंची दिसते. स्वेन्सन थ्रशची हाक खालच्या पट्टीत असते आणि ऐकताना लहान बेडकाच्या आवाजाचा भास होतो. वॉर्ब्लर पक्ष्यांच्या हाका फार वरच्या पट्टीत, साधारण सात ते नऊ हजार हर्ट्झच्या आसपास असतात. उतारवयातील पुष्कळ कानांना त्या ऐकूच येत नाहीत. चित्रात मात्र त्या एखाद्या लहान रेघेसारख्या किंवा नागमोडी खुणेसारख्या स्पष्ट दिसतात. कान थकले तरी डोळे त्यांचे काम पुढे नेतात.

अलीकडे संगणकच या हाका शोधून काढू लागला आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांनी मिळून यासाठी प्रणाली विकसित केल्या आहेत. हवामानाच्या रडारवरही स्थलांतर दिसते. पण किती पक्षी जात आहेत एवढेच रडार सांगते, ते कोण आहेत हे सांगू शकत नाही. त्यांची जात त्यांच्या आवाजावरूनच कळते.

वसंतात दक्षिणेचा अनुकूल वारा सुटला, की एका रात्रीत आकाश प्रवाशांनी भरून जाते. ढग खाली उतरले तर पक्षीही खालून उडतात आणि हाका वाढतात. पुष्कळदा पहाटेपूर्वी, उतरण्याची वेळ जवळ आली असता, आवाज सर्वांत दाट होतात. सकाळी त्याच अंगणात एकही पाहुणा दिसत नाही आणि घरातील माणसांना रात्री छपरावरून केवढा समुदाय गेला याचा पत्ताही नसतो.

एका इमारतीची वही

या गोष्टीची दुसरी बाजू शिकागो शहरात उघड झाली. मराठी आणि जैन कुटुंबे ज्या शहराच्या परिसरात मोठ्या संख्येने वसली आहेत, तेच हे शिकागो. मिशिगन सरोवराच्या काठावर तेथे मॅककॉर्मिक प्लेस नावाचे विस्तीर्ण संमेलनकेंद्र आहे. त्याची सरोवराजवळची इमारत फार उंच नाही; पण तिच्या भिंती बहुतांशी काचेच्या आहेत. १९७८ मध्ये तेथील फील्ड म्युझियम या संग्रहालयातील डेव्हिड विलार्ड यांच्या कानावर आले, की त्या काचांवर पक्षी आपटतात. ते पाहण्यास गेले आणि त्यांना खाली मरून पडलेले पक्षी सापडले. तेव्हापासून वसंत आणि शरद या दोन्ही स्थलांतरकाळांत पहाटे जाऊन ते पक्षी उचलायचे, त्यांची जात ओळखायची, मोजमापे घ्यायची आणि वहीत नोंदवायची, हा त्यांचा नेम झाला. पुढे इतरही त्यात सहभागी झाले. चार दशकांत एकट्या त्या इमारतीपाशी सापडलेल्या मृत पक्ष्यांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली.

२०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातील बेंजामिन विंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो आणि क्लीव्हलँड या शहरांतील अशा सुमारे सत्तर हजार नोंदी तपासल्या. त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता. काही जातींचे पक्षी फार मोठ्या संख्येने मरतात, तर त्याच आकाशातून जाणाऱ्या काही जातींचे जवळजवळ मरतच नाहीत. असे का व्हावे?

उत्तर हाकेत सापडले. रात्री उडताना हाक देणाऱ्या जाती काचांवर अधिक प्रमाणात आपटत होत्या. व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो हा हाक देणारा पक्षी. त्या एका जातीचे दहा हजारांहून अधिक पक्षी नोंदींत होते. याउलट, रात्री हाक न देणारे व्हिरिओ आणि फ्लायकॅचर कुळांतील पक्षी त्यांच्या संख्येच्या मानाने फार थोडे आढळले.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा. उजेडाने दिपलेला, दिशा हरवलेला पक्षी गोंधळून अधिक हाका देतो. जवळून जाणारे सोबती ती हाक ऐकतात आणि त्याच्याकडे वळतात. तेही उजेडात सापडतात, तेही हाका देऊ लागतात. अंधारात वाट चुकू नये म्हणून निसर्गाने जी हाक दिली, तीच हाक माणसाच्या दिव्यापाशी इतरांना वाट चुकवते. संकटात पडलेल्याचा आवाज मदत आणत नाही, आणखी जीवांना त्याच संकटात ओढून नेतो.

उजेडाने हाका वाढतात, याला न्यूयॉर्कमध्येही पुष्टी मिळाली. तेथे दरवर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री मृतांच्या स्मरणार्थ प्रकाशाचे दोन प्रचंड झोत आकाशात सोडतात. सात वर्षांतील तशा सात रात्रींचा अभ्यास करता सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. झोत चालू असताना पक्षी त्यांच्याभोवती घिरट्या घालत आणि त्यांच्या हाका वाढत. झोत बंद केले, की थोड्याच मिनिटांत पक्षी पांगत आणि आपल्या मार्गाला लागत. झोतांत हजाराच्या आसपास पक्षी अडकलेले दिसले, की सुमारे वीस मिनिटे दिवे मालवण्याची पद्धत तेथे पडली आहे. स्मरणाचा भाव त्यामुळे जराही उणावलेला नाही.

उपाय हाताशी आहे

विलार्ड यांच्या वहीत मृत पक्ष्यांबरोबर आणखी एक नोंद असे: त्या रात्री इमारतीच्या कोणत्या खिडक्यांत उजेड होता. त्या साध्या नोंदीचे मोल पुढे कळले. २०२१ मध्ये तिच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की उजळलेल्या खिडक्यांचे क्षेत्र निम्मे केले, तर वसंतात होणाऱ्या धडका सुमारे अकरा पटींनी आणि शरदात सुमारे सहा पटींनी कमी होतात. अर्धे दिवे मालवण्याचे एवढे मोठे फळ आहे.

तरीही माणसाची सवय लवकर सुटत नाही. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी त्याच इमारतीपाशी एका रात्रीत मेलेले सुमारे एक हजार पक्षी गोळा करावे लागले. छायाचित्रे जगभर पोहोचली आणि लोक अस्वस्थ झाले. त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पातळ पापुद्रा बसवण्यात आला. ठिपक्यांमुळे पक्ष्यांना काच दिसते. आतील माणसांना सरोवरही पूर्वीसारखे दिसत राहते. पुढच्याच शरदात तेथील मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. पंचेचाळीस वर्षे चाललेली हानी एका उन्हाळ्याच्या कामाने जवळजवळ थांबली.

या साऱ्यात कोणाच्याही मनात पक्ष्यांविषयी वैर नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवे लावणाऱ्याने मारण्यासाठी दिवे लावले नाहीत, काच बसवणाऱ्याने सापळा म्हणून काच बसवली नाही. केवळ लक्ष नव्हते. अजाणता घडणारी हिंसा ती हीच. ती थांबवण्याचा आरंभ ज्ञानापासून होतो; आणि येथे ते ज्ञान रात्रभर ऐकत राहिलेल्या कुंडीतून आणि पहाटे मृत देह मोजत राहिलेल्या वहीतून आले.

आपल्या छपरावरून

हे सारे दूरदेशीचे आहे, असे महाराष्ट्रातील वाचकाने मानण्याचे कारण नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, दक्षिणेकडून नवरंग पक्षी आपल्याकडे येतो. हिरवा, निळा, शेंदरी अशा रंगांनी नटलेला हा पक्षी रात्री प्रवास करतो. त्याच दिवसांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एखाद्या इमारतीच्या पायाशी, गॅलरीत किंवा जिन्यात थकलेला वा जखमी नवरंग सापडल्याचे ऐकू येते. रात्रीच्या वाटेवर त्याला शहराचा उजेड आडवा येतो.

उजनी आणि जायकवाडीच्या जलाशयांवर हिवाळा काढणारे पट्टकादंब हंस वसंतात उत्तरेकडे निघतात. उपग्रहाशी जोडलेल्या प्रक्षेपकांनी दाखवून दिले आहे, की या जातीचे पक्षी हिमालय प्रामुख्याने रात्री आणि पहाटे ओलांडतात. त्या वेळी थंड, दाट हवा त्यांच्या पंखांना अधिक आधार देते. तेही उडताना एकमेकांना साद घालतात.

मार्च ते जून या काळात रात्री उशिरा गच्चीवर जाऊन दहा मिनिटे निःशब्द बसावे. लहान मुलांना सोबत घ्यावे. साधा ध्वनिमुद्रक किंवा मोबाइल फोन जवळ ठेवला तरी आरंभाला पुरे. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. पहिल्या रात्री कदाचित टिटवी आणि कुत्र्यांचे भुंकणेच ऐकू येईल. कान सरावले, की शहराच्या गलबल्यातूनही वरचा आवाज निराळा काढता येतो.

त्याहून महत्त्वाचे काम तर उठून एक बटण दाबण्याइतके सोपे आहे. शिकागोत स्थलांतराच्या दिवसांत रात्री अकरानंतर उंच इमारतींचे शोभेचे दिवे मालवण्याचे आवाहन केले जाते. आपल्या गृहसंस्थेच्या सभेत हा विषय कोणीही मांडू शकेल. गच्चीवरील शोभेचे झोत, मजल्यामजल्यावर रात्रभर जळणारे दिवे, रिकाम्या कार्यालयांतील उजेड यांची पहाटेपर्यंत कोणाला गरज असते? दिवा आवश्यक असेल तेथे त्याचे तोंड खाली वळवावे. खिडकीला पडदा ओढावा. मोठ्या काचेवर दोन-दोन इंचांवर ठिपके उमटवावेत.

त्या रात्री एखादा पक्षी छपरावरून सुखरूप निघून गेला, तर घरातील कोणालाही ते कळणार नाही. खाली दिवे मालवलेले असतील, वर तारे दिसत असतील आणि अंधारात एक लहानशी हाक उत्तरेकडे सरकत जाईल. तिच्यामागून येणारा सोबती ती ऐकेल आणि योग्य वाटेने पुढे जाईल.